परदेशात मुदतवाढ, पीआर, नागरिकत्व: नागपूरच्या माणसाचा अर्ज नेमका अडतो कुठे?

बजाजनगर_कट्टा

नमस्कार मंडळी. नागपुरातून कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, इंग्लंडला गेलेली बरीच मुलं-मुली आता व्हिसा वाढवण्याच्या किंवा पीआरच्या (कायम वास्तव्याच्या हक्काच्या) टप्प्यावर आली आहेत, काही नागरिकत्वाच्याही. पहिल्या व्हिसाची माहिती धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्याही कन्सल्टन्सीत मिळते. परदेशात पोचल्यावर तीन-चार वर्षांनी जे लागतं, ते मराठीत सलग कुठे लिहिलेलं दिसत नाही.

माझं मत आधीच मांडतो. अर्ज पगारामुळे किंवा गुणांमुळे अडण्यापेक्षा दोन गोष्टींमुळे जास्त अडतात. एक म्हणजे इथून नेलेले कागद एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरं म्हणजे अर्ज प्रलंबित असताना माणूस देशाबाहेर पडतो. ज्यांना एखाद्या देशाचे नियम पक्के ठाऊक आहेत त्यांनी लिहावं, आकडे आणि मुदती देऊन. एजंटांची नावं नकोत, स्वतःच्या कहाण्याही नकोत.

धरमपेठ_झोन

कागदांबद्दल शंभर टक्के सहमत. सुरुवात जन्मदाखल्यापासूनच करा.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे घर नागपूरचं आणि जन्म काटोलला, आर्वीला नाहीतर भंडाऱ्याला. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, त्यामुळे दाखला तिथल्या नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा. पण पासपोर्ट काढताना जन्मस्थान म्हणून सरसकट 'नागपूर' लिहिलं जातं. पहिल्या व्हिसाला हे कोणी पाहत नाही. ग्रीन कार्डच्या वेळी दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवले जातात, तेव्हा प्रश्न येतो. उपाय सोपा आहे: मूळ दाखल्याप्रमाणे पासपोर्ट रीइश्यू करून घ्या, आणि तो अर्ज सुरू होण्याआधी. अर्ध्यावर जन्मस्थान बदललं तर खुलासे लिहीत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट, दाखल्यात बाळाचं नाव. जुन्या नोंदीत नावाचा रकाना कोरा असतो, कारण नोंद दवाखान्यातून जाते आणि बारसं नंतर होतं. नोंदणीनंतर १५ वर्षांपर्यंत निबंधकाकडे नाव टाकता येतं, आणि त्याहून जुन्या नोंदींसाठी राज्यात वेळोवेळी मुदत वाढवून दिली गेली आहे. मनपा हद्दीतला जन्म असेल तर आपल्या झोन कार्यालयात विचारा. अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची ओळखपत्रं ठेवा.

नोंदच नसेल तर 'नोंद आढळत नाही' असं प्रमाणपत्र निबंधकाकडूनच घ्यायचं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, आपल्याकडे तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाणपत्र, सोबत शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, असा संच अमेरिकेच्या अर्जाला जोडतात. नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, हे लक्षात ठेवा.

तात्या_बर्डीवाले

त्यात नावाचा क्रम जोडा ना भाऊ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा. ज्याने फॉर्म भरला त्याने वडिलांचं नाव कुठे टाकलं, यावर पुढचं सगळं. काहींच्या पासपोर्टात आडनावाचा रकानाच कोरा असतो, मग अमेरिकेचा व्हिसा 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) नावाने येतो.

धरमपेठ_झोन

बरोबर आहे तात्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर त्याहून कठीण. मनपाचा विवाह नोंदणी दाखला १९९८ च्या राज्य कायद्याखालचा असतो. परदेशी कार्यालयांना पत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, फोटो हे पुरावे म्हणून चालतात, दाखल्याऐवजी नाही. नाव पूर्ण बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी घ्या. पदवीचं जुनं नाव आणि पासपोर्टचं नवं नाव यांना जोडणारा तोच एक ठोस कागद असतो.

टोरांटो_ते_टेकडी

कॅनडाचं सविस्तर लिहितो, कारण इथे तारखा फार कडक आहेत.

शिक्षणानंतरचा वर्क परमिट, पीजीडब्ल्यूपी: अंतिम निकाल आल्यापासून १८० दिवसांत अर्ज. जास्तीत जास्त ३ वर्षांचा मिळतो, पण पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. पासपोर्ट दीड वर्षात संपत असेल तर परमिटही दीडच वर्षाचा. हा परमिट आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून शेवटच्या सत्रातच पासपोर्टचं नूतनीकरण करून घ्या. कापला गेलाच तर नवीन पासपोर्ट दाखवून उरलेला काळ मागता येतो, पण तो वेगळा अर्ज आणि वेगळी फी. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची अटही आली आहे, कॅनडाच्या सीएलबी या भाषापातळीच्या मापात: विद्यापीठाच्या पदवीला सीएलबी ७, कॉलेजच्या बहुतेक अभ्यासक्रमांना सीएलबी ५.

मुदतवाढ: जुना परमिट संपण्याच्या आत अर्ज गेला तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर काम करता येतं. ही सवलत तुम्ही कॅनडातच राहिलात तर आहे. मध्येच भावाच्या लग्नाला नागपूरला आलात तर परतल्यावर काम करण्याचा हक्क अडचणीत येतो. एक दिवस जरी उशीर झाला तरी दर्जा गेला. मग ९० दिवसांत 'रिस्टोरेशन'चा, म्हणजे दर्जा परत मिळवण्याचा अर्ज, आणि तोवर काम बंद.

पीआर: एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर चालणाऱ्या पीआर योजनेतून, आमंत्रण आलं की ६० दिवसांत पूर्ण अर्ज. इथेच नागपूरचे कागद लागतात. शिक्षणाचं मूल्यांकन ५ वर्षं चालतं, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा २ वर्षं, आणि ते आमंत्रणाच्या दिवशीही जिवंत हवं नि अर्जाच्या दिवशीही. नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत. जुन्या व्हिडिओंतले हिशोब पाहून आशा लावू नका.

पोलीस दाखला: गेल्या १० वर्षांत जिथे सलग ६ महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा. सध्या राहता त्या देशाचा असेल तर ६ महिन्यांच्या आतला. पूर्वी राहिलेल्या देशाचा असेल तर तिथलं वास्तव्य संपल्यानंतर काढलेला. त्यामुळे विद्यार्थी व्हिसाच्या वेळी नागपुरात काढलेला पोलीस दाखला, म्हणजे पीसीसी, पीआरला चालत नाही. ती निघण्याआधीची आहे. नवी पीसीसी कॅनडातल्या भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत काढावी लागते. ६० दिवसांतले कितीतरी दिवस यातच जातात, म्हणून आमंत्रणाची वाट न पाहता आधीच अर्ज टाकणं शहाणपणाचं.

नागरिकत्व: अर्जाआधीच्या ५ वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष हजेरी. पीआरआधीचे दिवस अर्धे धरतात, तेही जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. निघाल्याचा आणि पोचल्याचा, दोन्ही दिवस हजेरीत मोजले जातात. पाचपैकी ३ वर्षांचा कर भरलेला हवा. १८ ते ५४ वयाला भाषेचा पुरावा आणि २० प्रश्नांची परीक्षा, १५ बरोबर हवेत. जुने पासपोर्ट फेकू नका, प्रवासाच्या तारखा त्या शिक्क्यांवरूनच जुळवाव्या लागतात. आणि बरोबर १०९५ व्या दिवशी अर्ज टाकू नका; आठवडा-दोन आठवडे वर ठेवा, एखादी तारीख चुकली तरी अर्ज तगतो.

अजनी_जंक्शन

बजाजनगर, तुमचं मत अमेरिकेला लागू पडत नाही, माफ करा. तिथे कागद सोन्यासारखे असले तरी रांग आहे. रोजगारावरच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ईबी-२, ईबी-३ या त्यातल्या वर्गांत भारतीयांचा अनुशेष इतका आहे की माणूस वर्षानुवर्षं मुदतवाढीवरच राहतो. त्यामुळे तिथे मुदतवाढ हाच मुख्य विषय आहे.

एच-१बी, म्हणजे कंपनीमार्फतचा नोकरीचा व्हिसा, एकूण ६ वर्षं. सहावं वर्ष संपण्याच्या किमान ३६५ दिवस आधी लेबर सर्टिफिकेशन किंवा आय-१४० (दोन्ही कंपनीने ग्रीन कार्डासाठी करायचे अर्ज) दाखल झालेला असेल तर एकेक वर्षाची वाढ. आय-१४० मंजूर असून रांगेतली तारीख आलेली नसेल तर ३ वर्षांची. म्हणून नोकरी बदलताना पहिला प्रश्न हाच की आय-१४० मंजूर झाला का. मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची तारीख) टिकते आणि त्यावर वाढही मिळते.

किती दिवस राहायचं ते पासपोर्टावरचा व्हिसा स्टॅम्प सांगत नाही, आय-९४ (प्रवेशाची नोंद) सांगतो. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर विमानतळावर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच कापून देतात, मंजुरीपत्रावर पुढची तारीख असली तरी. प्रत्येक प्रवेशानंतर आय-९४ ऑनलाइन उतरवून पाहा. अनेकांना हे मुदत उलटून गेल्यावर कळतं, आणि तोवर बेकायदा वास्तव्याचे दिवस साचलेले असतात. वेळेत वाढीचा अर्ज गेला असेल तर त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं.

विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीत दर्जा बदलायचा अर्ज चालू असताना देशाबाहेर पडलात की तो भाग सोडून दिल्यासारखा धरतात. २१ सप्टेंबर २०२५ पासून हे फार महाग पडतं, कारण देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरची रक्कम लावणारी घोषणा लागू झाली. तसंच मुलाखतीविना स्टॅम्पिंग २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना बंद आहे. नागपूरच्या माणसाला बोटांचे ठसे आणि मुलाखत यासाठी मुंबईसारखं शहर गाठावं लागतं. तारीख हातात असल्याशिवाय तिकीट काढू नका.

बजाजनगर_कट्टा

अजनीभाऊ, रांगेचं मान्य. पण तुम्ही लिहिलेला आय-९४ आणि दर्जा बदलण्याचा मुद्दा म्हणजे कागद आणि प्रवासच की!

अजनी_जंक्शन

त्या दोन मुद्द्यांपुरतं मान्य. तरीही रांगेमुळे मुलांचं काय होतं ते सोडून चालणार नाही. आईवडिलांच्या अर्जावर असलेलं मूल २१ वर्षांचं झालं की अवलंबित राहत नाही. २००२ च्या कायद्याने वयातून आय-१४० प्रलंबित असलेले दिवस वजा होतात. पण १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना हे वय व्हिसा बुलेटिनच्या (रांगेच्या तारखांच्या सरकारी पत्रकाच्या) 'फायनल ॲक्शन' तक्त्यावरून मोजतात, अर्ज भरण्याच्या तारखांच्या तक्त्यावरून नाही. मूल १६-१७ चं असतानाच हिशोब मांडा. पुढे त्याला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा लागू शकतो.

ऱ्हाईनकाठचा_वऱ्हाडी

जर्मनीत आधी एक गैरसमज काढा. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, म्हणून लोक निघण्याआधी सगळ्या कागदांवर पैसे खर्चून अपॉस्टिल करून आणतात. जर्मनीने भारताच्या सहभागाला आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे या दोन देशांत तो करार चालत नाही. लग्नाची किंवा बाळाची नोंद करताना तिथलं नोंदणी कार्यालय, श्टांडेसआम्ट, जर्मन दूतावासामार्फत भारतातल्या कागदाची पडताळणी मागवतं. दूतावासाचा माणूस मूळ नोंदवहीपर्यंत जातो, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या वहीत काय लिहिलं आहे ते महत्त्वाचं ठरतं. धरमपेठ यांनी जे लिहिलं ते इथे दुपटीने लागू. या पडताळणीला महिने लागतात.

मुदतवाढ: परवाना संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडे अर्ज पोचला पाहिजे. अपॉइंटमेंट नंतरची असली तरी चालते, अर्ज वेळेत गेल्याचा पुरावा ठेवा. मग फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यावर कलम ८१ चा उपकलम ४ असा रकाना खुणावलेला असेल तर जुना परवाना चालू धरतात आणि प्रवासही करता येतो. उपकलम ३ असेल तर बाहेर जाऊ नका, परत येता येणार नाही. खूण कुठे आहे ते कार्यालयातच उभं राहून पाहा.

कायम वास्तव्य: ब्ल्यू कार्डवर (पदवीधर नोकरदारांच्या परवान्यावर) २७ महिने आणि ए१ पातळीचं जर्मन, किंवा २१ महिने आणि बी१. तिथल्या विद्यापीठाच्या पदवीधराला कुशल नोकरीत २ वर्षं, इतर कुशल कामगारांना ३. पेन्शन विम्याचे हप्ते तेवढेच महिने भरलेले लागतात, म्हणून नोकरी बदलताना मध्ये खंड पडला तर तो मोजा.

नागरिकत्व २७ जून २०२४ पासून ५ वर्षांनी. ३ वर्षांचा वेगवान मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाला. बी१ भाषा, आणि ३३ प्रश्नांच्या परीक्षेत १७ बरोबर. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व चालवून घेते हे खरं, पण आपला कायदा चालवून घेत नाही. जर्मन नागरिकत्व स्वीकारलं त्या क्षणी, नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे, भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

खामला_काकू

सगळ्यांना एक विचारते. पीआर मिळालेल्या मुलाला आई-वडिलांच्या आजारपणासाठी आठ-दहा महिने नागपुरात येऊन राहावं लागलं तर पीआर जाते का? हा प्रश्न आमच्या पिढीच्या घराघरांत आहे आणि कोणी सरळ उत्तर देत नाही.

टोरांटो_ते_टेकडी

काकू, कॅनडाची पीआर जात नाही. ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात असले की झालं, सलग असण्याची अट नाही. पीआर कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर संपत नाही. फक्त विमानात बसायला वेगळा प्रवास दस्तऐवज काढावा लागतो. भारतात काढलेले दिवस नागरिकत्वाच्या हजेरीतून मात्र कमी होतात.

अजनी_जंक्शन

ग्रीन कार्डवर एक वर्षाहून जास्त राहायचं असेल तर रीएंट्री परमिट लागतो, २ वर्षांपर्यंतचा. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि बोटांचे ठसेही तिथेच होतात, नागपुरात येऊन काही करता येत नाही. म्हणून घरच्यांनी दवाखान्याची बातमी दडवून ठेवू नये, लवकर सांगावी. ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. ते खोडून काढायला तिथलं घरभाडं, नोकरी, कर यांचे कागद लागतात. नागरिकत्वाला ५ वर्षं आणि त्यातले ३० महिने प्रत्यक्ष हजेरी.

ऱ्हाईनकाठचा_वऱ्हाडी

काकू, जर्मनीत जपून. नेहमीचा कायम परवाना ६ महिने बाहेर राहिल्यावर आपोआप रद्द होतो, नोटीस येत नाही. पण निघण्याआधी कार्यालयाकडून जास्त मुदत लिहून घेता येते. आजारपणाचे कागद इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये जोडा, आणि उत्तर लेखी हातात आल्यावरच निघा.

लंडन_धंतोली

इंग्लंड: आयएलआर, म्हणजे तिथली पीआर, मिळाल्यावर सलग २ वर्षं बाहेर राहिलात तर जाते. मिळण्याआधीच नियम जास्त कडक आहे, कोणत्याही १२ महिन्यांच्या तुकड्यात १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नको. कॅलेंडर वर्ष धरू नका, सरकता हिशोब आहे. आणि व्हिसावाढीचा अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन, आयर्लंड, आयल ऑफ मॅन आणि चॅनल बेटांच्या सामाईक प्रवास क्षेत्राबाहेर गेलात की अर्ज मागे घेतला असं धरतात.

गोरेवाडा_ते_मेलबर्न

ऑस्ट्रेलियाचा सापळा ब्रिजिंग व्हिसात आहे. देशात राहून पीआरचा किंवा पुढचा अर्ज टाकला की ब्रिजिंग ए मिळतो. त्यावर राहता येतं, पण बाहेर जाऊन परत येता येत नाही. नागपूरला यायचं तर आधी ब्रिजिंग बी मागून तो मंजूर होऊ द्यायचा, मग विमानतळ. मृत्यूच्या बातमीवर लोक धावत निघतात, ते समजण्यासारखं आहे. तरी निघण्याआधी तो अर्ज टाका आणि सोबत दवाखान्याचं पत्र जोडा, तातडीचं कारण असेल तर तसं लिहा.

पीआरवर प्रवासाची सोय ५ वर्षांची असते. नंतर परतीचा वेगळा व्हिसा, उपवर्ग १५५. गेल्या ५ वर्षांत २ वर्षं तिथे राहिलेले असले तर तो सहज मिळतो. नागरिकत्वाला ४ वर्षांचं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष पीआर म्हणून. ४ वर्षांत १२ महिन्यांपेक्षा जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी नको. परीक्षेत २० प्रश्न, ७५ टक्के हवेत, आणि ऑस्ट्रेलियन मूल्यांवरचे पाचही प्रश्न बरोबर यावे लागतात.

काटोल_नाका

विषय थोडा बाजूला नेतो, पण संत्र्याची बाग असलेल्या घरांनी वाचावं. परदेशात राहणारा भारतीय असो किंवा नागरिकत्व बदलून ओसीआय (परदेशी पासपोर्ट असलेला भारतीय वंशाचा कार्डधारक) झालेला असो, शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. त्यामुळे भावाभावांत वाटणी करताना 'तू बाहेरचा, तुला पैसे देतो' असं तोंडी ठरवून सातबारा तसाच ठेवू नका. वडील असताना मृत्युपत्र करून ठेवा आणि नंतर वारसाची फेरफार नोंद वेळेत घ्या. नागरिकत्व बदलणाऱ्याने भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यायचं, ओसीआयच्या अर्जाला ते लागतं. नवं नागरिकत्व मिळाल्यावर जुन्या निळ्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. मतदार यादीतूनही नाव कमी करावं लागतं.

खामला_काकू

ओसीआय घेतलेल्याला पुढे परत भारतीय होता येतं का?

काटोल_नाका

येतं काकू. नागरिकत्व कायद्याचं कलम ५(१)(जी): ओसीआय म्हणून ५ वर्षं झालेली आणि अर्जाआधी १२ महिने भारतात राहिलेलं असावं. पण तेव्हा तिकडचं नागरिकत्व सोडावं लागतं.

जरीपटका_रोड

आपल्याच शहरातल्या स्थलांतरितांबद्दलही लिहायला हवं. जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली अनेक सिंधी हिंदू कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे एलटीव्हीवर राहतात. त्यांची मुदतवाढ ऑनलाइन, ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर, आणि पडताळणी पोलिसांच्या परकीय नागरिक शाखेकडून. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने देशातल्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यात नागपूर आहे.

मार्ग दोन. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली अर्ज करता येतो. नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. अर्ज ऑनलाइन, जिल्हा समिती टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली, आणि शपथ प्रत्यक्ष हजर राहून घ्यावी लागते. तिकडचा मुदत संपलेला पासपोर्ट, शाळेचा दाखला असे कागद चालतात. आल्याच्या तारखेचा पुरावा वेगळा हवा. त्यानंतर आलेल्या, मूळ भारतीय वंशाच्या व्यक्तींना कलम ५(१)(ए): ७ वर्षं. म्हणजे अर्जाआधीचे १२ महिने सलग, आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून ६ वर्षं. त्या १२ महिन्यांत परदेशात जाणं झालं तर ३० दिवसांपर्यंतच सवलत मिळू शकते.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा हिंदूंना आधी दिलेले एलटीव्ही वैध राहतील असं सरकारने स्पष्ट केलं होतं. त्या आठवड्यात ज्यांची वाढ मंजूर होती ते निश्चिंत राहिले. ज्यांचा अर्ज करायचाच राहिला होता त्यांची झोप उडाली. म्हणून मुदत संपायच्या खूप आधी अर्ज टाका आणि पोचपावती छापून घरात ठेवा.

बजाजनगर_कट्टा

जरीपटका, फार मोलाचं लिहिलंत. नियम जगभर सारखाच दिसतो: अर्ज आधी, प्रवास नंतर.

नवी_आई_मनीषनगर

परदेशात जन्मलेल्या बाळाचं काय? कॅनडा-अमेरिकेत जन्माने तिकडचं नागरिकत्व मिळतं हे माहीत आहे. जर्मनीत?

ऱ्हाईनकाठचा_वऱ्हाडी

ताई, आई किंवा वडिलांपैकी एकाचं ५ वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम परवाना असेल तर बाळ जन्मतः जर्मन. तसं नसेल तर बाळ भारतीय, आणि जन्मानंतर १ वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करून घ्या. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंदणीच्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. म्हणून आधी कोणता पासपोर्ट काढायचा ते दोघांनी बसून ठरवा. बाळाचं नाव आईवडिलांच्या पासपोर्टातल्या नावाशी जुळवूनच नोंदवा, वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही हेही तेव्हाच ठरतं.

तात्या_बर्डीवाले

बाळ येण्याआधीच आडनावाचा रकाना ठरवा म्हणजे आजोबांना बारशाला निवांत तर्री-पोहे खाता येतील. 🙂

बजाजनगर_कट्टा

मूळ प्रश्नाकडे येतो. पदवीच्या कागदांबद्दल कोणी लिहिलं नाही. नागपूर विद्यापीठाचा ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) कोणाला, कुठून?

वसंतराव_देशपांडे_सभागृहाजवळ

हे नीट समजून घ्या, यात चूक झाली की वेळ फुकट जातो. पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट हवी असते, कॉलेजकडून नाही. आणि कोणतं विद्यापीठ, हे पदवीवर छापलेल्या नावावरून ठरतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेजांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं. त्याआधी पदवी घेतलेल्यांना ट्रान्सक्रिप्ट नागपूरहूनच काढावा लागतो. व्हीएनआयटी २००२ मध्ये अभिमत झालं. त्याआधीच्या व्हीआरसीईच्या (त्याच संस्थेच्या जुन्या नावाच्या) पदव्या नागपूर विद्यापीठाच्या. आणि विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये मिळालं, त्यामुळे जुन्या पदवीवर फक्त 'नागपूर विद्यापीठ' असतं. ऑनलाइन अर्जात यादीतून संस्था निवडताना हे लक्षात ठेवून निवडा.

परीक्षा विभागात जाताना सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक न्या. मुलगा परदेशात असेल तर घरच्या माणसाच्या नावाने अधिकारपत्र, त्यावर मुलाची सही आणि सोबत दोघांच्या ओळखपत्राची प्रत. नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयांच्या गुणपत्रिका वगळू नका. लिफाफा सीलबंद मिळाला तर घरी उघडू नका, उघडला की तो बाद. दोन-तीन संच एकदमच मागा, पुढे दुसऱ्या देशासाठी लागतातच.

धरमपेठ_झोन

भाषांतराचंही लिहून ठेवतो. जुने दाखले फक्त मराठीत असतात. अमेरिकेला भाषांतरकाराने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं सहीनिशी लिहून दिलं की चालतं, नोटरी लागत नाही. कॅनडाला स्वतःचं किंवा नातेवाइकाचं भाषांतर चालत नाही. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर प्रतिज्ञापत्र हवं. ऑस्ट्रेलियात राहून अर्ज करत असाल तर नाटी या तिथल्या संस्थेची मान्यता असलेला भाषांतरकार. जर्मनीला शपथबद्ध भाषांतरकार. सध्याचे द्विभाषिक, क्यूआर असलेले दाखले नव्याने काढून घेतले तर भाषांतराचा बराच त्रास वाचतो.

खामला_काकू

परदेशातून पासपोर्ट नवा करताना नागपूरच्या पत्त्यावर पोलीस येतात का?

टोरांटो_ते_टेकडी

येऊ शकतात काकू. अर्जात कायमचा पत्ता नागपूरचा असला की पडताळणी तुमच्या ठाण्याकडे येऊ शकते. घर विकलं असेल, फ्लॅटस्कीममध्ये गेलं असेल किंवा आई-वडील दुसऱ्या वस्तीत राहायला गेले असतील तर जुना पत्ता तसाच लिहू नका. 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा पडला की अर्ज अडतो. मुलाच्या जुन्या पासपोर्टची प्रत, त्याच्या तिकडच्या परवान्याची प्रत आणि त्याचा तिकडचा फोन नंबर घरात एका पाकिटात ठेवा. ठाण्यातून फोन आला तर त्याच दिवशी जाऊन या, आणि जाताना दोन शेजाऱ्यांची नावं-पत्ते लिहून न्या, ते विचारले जातात.